खवळलेला समुद्र

सावाकोताई,

"समुद्र खवळलाय, बोट सुटत नाहीये," असं मी तुला फोनवर सांगितलं, तेव्हा गोतो बेटावरचं ऑफिसचं काम आटोपून मी केव्हाच नागासाकीला उतरले होते. टेकडीवरच्या एका हॉटेलच्या खोलीत पाय पसरून पडले होते आणि खाली बंदरातलं पाणी हलतसुद्धा नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलायला रात्री उठायचं नाही, कुणाची हाक नाही. मेल्यासारखी झोपले गं!

माझ्याऐवजी आईजवळ तू होतीस. म्हणालीस, "घाई करू नकोस, मित्सुए. मी आहे इथे."

दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी कास्तेला केक घेऊन घरी आले. तुझे डोळे सुजले होते. देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोपुढे उदबत्त्यांची राख वाटीबाहेर सांडली होती. तू केक आधी तिथेच ठेवलास आणि हात जोडलेस.

"बाबा, तुम्हाला समुद्रानं नेलं, पण हिला तुम्ही अडवलंत. बरं केलंत."

मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "बघतेस काय नुसती? तूही हात जोड."

मी जोडले, ताई.

हे पत्र तुला देण्याचा धीर नाही. केकचा मोठा तुकडा तू मलाच दिलास. तोही मी खाल्ला.

तुझी,
मित्सुए