साहेबांविरुद्धचा अर्ज, साहेबांच्याच मार्फत

३ फेब्रुवारी १९५८, मल्लेश्वरम, बंगलोर
अक्काचे यजमान, आमचे रामराव भावजी, संध्याकाळी माझ्या टायपिंग क्लासात. सरकारी बांधकाम खात्यात स्टोअरकीपर. टोपी काढली नाही, म्हणजे काम गंभीर. नव्या शाळेच्या छताला कागदावर जाड सळ्या, जागेवर बारीक. वर सही त्यांच्या साहेबांची. "मी स्वतः मोजल्यात रे. खाली पोरं बसणार." चीफ इंजिनियरांच्या नावे अर्ज ठोकून दिला. माथ्यावर रीतीप्रमाणे 'एक्झिक्युटिव्ह इंजिनियर यांच्यामार्फत'. वीस वर्षं सरकारी माणसांचे अर्ज असेच ठोकतोय.

११ फेब्रु.
गाढव मी! एक्झिक्युटिव्ह इंजिनियर म्हणजेच भावजींचे साहेब. ज्यांच्याविरुद्ध अर्ज, त्यांच्याच टेबलावर तो आधी गेला! साहेबांनी भावजींना बोलावलं. आवाज गोड. "एनु, काय रामराव, टायपिंग छान आहे हं." अर्ज ड्रॉवरमध्ये.

१९ फेब्रु.
भावजींना नोकरीवरून काढायची महिन्याची नोटीस. कारण दिलेलं नाही. नऊ वर्षं झाली, अजून टेंपररी! वकिलांकडे गेलो. म्हणाले, शिक्षा म्हणून काढलं तर घटनेचं संरक्षण आहे, चौकशी करावी लागते. पण ही शिक्षाच नाही म्हणतील. टेंपररीला नुसती नोटीस पुरते. "आणि खरं सांगणाऱ्यासाठी?" "तसा कायदा नाही." वा! उद्या चोर सापडला तर त्याची चौकशी होईल, सावकाश, रीतसर. तो पर्मनंट ना!

२२ फेब्रु.
भावजींच्या ऑफिसातला हेडक्लार्क भेटला, माझा जुना विद्यार्थी. "अण्णा, स्वल्प ऐका. भावजींना अर्ज मागे घ्यायला सांगा, नोटीसही मागे जाईल." अक्का म्हणते, घ्या मागे, पोरीचं लग्न जमतंय. तिचं तरी काय चुकलं? मी म्हटलं, निनावी पाठवू. भावजी हसले. "निनावी कागद टोपलीत जातो. नऊ वर्षं मीच टाकतोय."

२ मार्च
गुरुवारी छत ओतणार, मग सळ्या काँक्रीटखाली. सकाळी भावजी आले, टोपी हातात. अक्काही सोबत, दारातच उभी. नवा अर्ज, थेट वर. 'मार्फत'ची ओळ गाळली. बोटं तिकडेच वळत होती, मेली. भावजींनी दोनदा वाचून सही केली. "तूच नेऊन दे. मी नेला तर वाटेत कदाचित..." 
पाकीट माझ्या कोटात आहे. ऑफिस उद्या दहाला उघडेल.
दोघं निघाले. जिना उतरताना अक्का वळली.
"गुरुवारच्या आधी वाचतील ना रे ते?"