हेडबाईंचे दात आणि मामांची कवळी

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि मामींना आम्हा दोघांचा, आणि घरातल्या दोन वाढीव मंडळींचाही साष्टांग नमस्कार. (वाढीव मंडळींना साष्टांग घालणं फार सोपं जातं. दुपारचं खाणं झालं की दोघी हातपाय पसरून जमिनीला पोट टेकवतात, त्या चारपर्यंत उठत नाहीत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी गोळ्या वेळेवर घेतात की अजून उशीखाली साठवतात? इकडे सगळं क्षेमकुशल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो; नक्की कसं आहे ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा. फोन का केला नाही म्हणून रागावू नका. विषय सशांचा आहे, आणि तुमच्या जुन्या कवळीतून 'स' म्हणताना शिट्टी निघते हे मागच्या फोनवर तुम्हीच सांगितलंत. वडीलधाऱ्या माणसाला तासभर 'ससा, ससा' म्हणायला लावणं भाच्याला शोभलं नसतं. शिवाय तुमच्या नव्या कवळीला दीड महिना उशीर का झाला हे तोंडी सांगण्याची माझी छाती नाही.

तर झालं असं. तुमची भाचेसून शाळेत हस्तकला शिकवते हे तुम्हाला माहीतच आहे. शाळेच्या मागच्या अंगणात सशांचा मोठा पिंजरा होता. नवे वर्ग बांधायला काढले तेव्हा तो मोडावा लागला, आणि ससे कोण नेणार असं मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं. सगळ्यांनी एकदम वह्या तपासायला घेतल्या. हिच्याकडे तपासायला वह्या नसतात (हस्तकलेत कुठून असणार?), त्यामुळे ही तेवढी मान वर करून बसलेली सापडली. संध्याकाळी टोपलीत दोन ससे घेऊन दारात उभी. म्हणाली, "आठच दिवस." मामा, लग्नाआधी तुम्ही मला एकच उपदेश केला होता, की बायको 'च' लावून काही म्हणाली तर तो 'च' धरायचा नाही. मी विसरलो.

आमचं घर तुम्ही पाहिलेलं आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि खोलीतल्या खिडकीखाली माझं कामाचं टेबल. टेबलावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, दातांचे डबे, घासायची मोटर. उरलेल्या जागेत पलंग, आणि पलंगाखाली आता ही मंडळी. दोघी बहिणी आहेत असं शाळेचं म्हणणं. दोन महिन्यांत आकडा वाढला नाही, त्यावरून आम्हीही ते मान्य केलं. मोठी करड्या रंगाची. पुढचे दोन्ही पाय जुळवून बसते आणि माझं काम असं बघते, की मी लगेच ते पुन्हा तपासतो. तिला मी हेडबाई म्हणतो. धाकटी पांढरी, एक कान उभा, एक पडलेला, अंगात वारं भरल्यासारखी खोलीभर उधळते, मधेच हवेत उडी मारून कंबरेत वळते आणि उलट्या दिशेला तोंड करून खाली उतरते. तिचं नाव चिंधी. पहिल्या आठवड्यात चिंधीने टेबलदिव्याची वायर, माझी डाव्या पायाची चप्पल (फक्त डाव्या, दोन वेळा) आणि भिंतीच्या कडेचा रंग एवढं संपवलं. हेडबाईंनी काहीच संपवलं नाही, पण चिंधीला मी ओरडलो की त्या मागचा पाय जमिनीवर आपटतात. दण्ण! खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारून गेले, की तुमच्याकडे कुणी रागावलंय का.

आता तुमच्या कवळीकडे येतो. वाईट गोष्ट पोट भरलेलं असताना वाचावी, तेव्हा जेवला नसाल तर आधी जेवून घ्या.

तुमच्या तिकडच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या तुमच्या हिरड्यांच्या ठशावरून मी साचा केला, त्यावर मेणाची हिरडी चढवली आणि वरचे चौदा दात एकेक करून बसवले. मामा, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण असे दात मी राजेमहाराजांनाही बसवले नसते. पुढचे दोन मुद्दाम किंचित तिरके ठेवले, तुमच्या तरुणपणीच्या फोटोत आहेत तसे. मेण निवायला कवळी स्टुलावर ठेवली आणि चहाचं आधण टाकायला आत गेलो. तेवढ्यात दार वाजलं. मालकीणबाई! न्हाणीघरातली ओल बघायला आल्या होत्या. भाड्याच्या करारात तिसऱ्याच ओळीत लिहिलंय, की जनावर पाळायचं नाही. मी पायाने पलंगावरची चादर खाली ओढली, त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि ओलीबद्दल इतकं भरभरून बोललो की त्या जरा संशयाने बघायला लागल्या. आणि मग त्यांची नजर माझ्यावरून खाली गेली आणि तिथेच राहिली.

चादर वर करून चिंधी बाहेर आली होती. तोंडात तुमचे दात. मेणाचा मागचा भाग तिने खाल्ला होता आणि पुढचे सहा दात नेमके बाहेरच्या बाजूला तोंड करून तिच्या ओठांत बसले होते. पांढरा ससा, एक कान पडलेला, आणि तुमच्या तरुणपणीचं हसू. ती खोलीच्या मध्यावर येऊन मालकीणबाईंकडे बघून हसत उभी राहिली. (तिचा इलाज नव्हता, पण दिसायला ते हसणंच होतं.) मालकीणबाईंनी कप हळूच खाली ठेवला. मग अगदी खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही दात नेमके कुणाकुणाचे करता?"

त्या ओल न बघताच गेल्या. जनावरांचा विषय त्यांनी अजून काढलेला नाही. जिन्यात भेटल्या तर तोंड घट्ट मिटून हसतात. चौदापैकी तेरा दात त्याच दिवशी सापडले, चौदावा चौथ्या दिवशी माझ्या मोज्यात. पण मेणाचं काम मातीमोल झालं. त्या रात्री मी हिला स्पष्ट बजावलं, की आठ दिवसांचे चोवीस झाले, आता हे ससे नाहीतर मी. ही म्हणाली, "बरं," आणि दिवा मालवला. कोणाबद्दल 'बरं' ते मी विचारलं नाही.

आणि मामा, आता जे सांगणार आहे ते एका दमात लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. गेल्या मंगळवारी ही शाळेत गेली आणि मी कामाला बसलो. थोड्या वेळाने मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं! वाकून पाहिलं, तर हेडबाई पलंगाखाली कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. गवत कालचं तसंच. मुळ्याचा पाला पुढे केला, हुंगला आणि तोंड फिरवलं. हनुवटीखालचे केस ओले, चिकट. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता पाणी सांडलं असेल. पण मी बावीस वर्षं दातांत घातलीत. लाळ आहे आणि घास नाही, म्हणजे तोंडात काहीतरी रुततंय. सुताराला दार न बघता कळतं कुठे घासतंय, तसं मला कळलं.

हिच्या लोकरीच्या पिशवीतली लोकर पलंगावर ओतली, हेडबाईंना पिशवीत घातलं आणि बस पकडून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला. बाकावर चार कुत्रे बसले होते. मी नंबरबिंबर न बघता सरळ आत घुसलो. (माझ्या आयुष्यातली ही पहिलीच घुसखोरी.) बाईंनी हेडबाईंच्या तोंडात बारीक दिवा घालून पाहिलं. दाढांना काट्यासारखी टोकं आली होती आणि जीभ कापली जात होती. सशांचे दात जन्मभर वाढतात, मामा! तुम्हीआम्ही एकेक घालवत बसतो आणि यांना ते आवरत नाहीत. बाई म्हणाल्या, टोकं घासावी लागतील, पण माझं यंत्र कुत्र्यांचं, त्याचं डोकं या तोंडात मावणार नाही. सशांचे डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला, ते परवा भेटतील. आणि न खाता ससा परवापर्यंत जगत नाही.

मी म्हणालो, "माझ्याकडे बारीक यंत्र आहे."

"तुम्ही काय करता?"

"दात."

"डॉक्टर आहात?"

"नाही. नुसतेच दात."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. म्हणाल्या, "अर्ध्या तासात आणा."

बस आली नाही. मी पळालो, मामा, या पोटासकट! जाताना पळालो, जिने चढलो, मोटर आणि पेनासारखं यंत्र काखेत मारलं आणि परत पळालो. बाईंनी हेडबाईंना गुंगीचं औषध दिलं. मी गाल बाजूला धरला, दिवा धरला, बाईंनी डाव्या बाजूची टोकं घासली. मग थांबल्या. म्हणाल्या, "यंत्र तुमच्या हाताला बसलंय. उजवी बाजू तुम्ही करा. मी सांगते तिथे, सांगते तेवढंच." आणि मी केलं. तांदळाच्या दाण्याएवढी टोकं आणि बाजूलाच ती कापलेली जीभ. हात जराही हलला नाही.

शुद्ध आली तरी खाईपर्यंत खरं नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. ही शाळेतून थेट तिथे आली. आम्ही दोघं बाकावर, पिशवी मांडीवर, समोर गवताची काडी धरलेली. पाच वाजले, सव्वापाच झाले. साडेपाचला हेडबाईंनी नाक हलवलं, काडीचं टोक ओठात घेतलं, आणि ती लांबलचक काडी हळूहळू, करकर करत, सरळ आत जायला लागली. सगळी! मग दुसरी!

मामा, मी दवाखान्याच्या बाकावर कुत्र्यांच्या देखत रडलो. बावीस वर्षं मी दात करतोय. ठसा डब्यातून येतो, कवळी डब्यातून जाते. ती कुणाच्या तोंडात बसली, त्या माणसाने पहिला घास कशाचा घेतला, चावताना त्याचा चेहरा कसा झाला, हे मी एकदाही पाहिलेलं नाही. त्या मंगळवारी पहिल्यांदा माझ्या हातच्या दातांनी कुणीतरी माझ्यासमोर खाल्लं. भले तो ससा का असेना.

असो. पाल्हाळ फार झालं. या सगळ्यामुळे तुमची कवळी लांबली, ती पोटात घाला. (अर्थ लक्षात घ्यावा.) मामींना माझा नमस्कार वेगळा सांगा, नाहीतर त्या पत्र मागून घेऊन मोजतात.

तुमचा, दातांच्या बाबतीत तोंड लपवणारा,
भाचा

ता. क. सांगायचं राहिलं. त्या दिवशी यंत्र घ्यायला धावलो तेव्हा टेबलाला धक्का लागून तुमचा साचा खाली पडला आणि फुटला. त्यामुळे ठसा नव्याने घ्यावा लागणार. त्यासाठी तुम्हीच इकडे आलात तर बरं. आठ दिवस लागतील. कवळी इथेच बसवू आणि इथेच जेवून बघू.

दुसरी ता. क. मामा, हे खास तुमच्यापुरतं. शाळेचा नवा पिंजरा बांधून झालाय आणि रविवारी ससे परत नेऊन द्यायचे असं हिने ठरवलंय. मी स्वतःच 'कधी जाणार, कधी जाणार' असा घोशा लावला होता, आता कुठल्या तोंडाने नको म्हणू? पण तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. तेव्हा तुम्ही आपणहून, सहज सुचल्यासारखं, तिला एक पत्र लिहा, की घरात ससे असणं फार चांगलं असतं. कशासाठी चांगलं ते तुम्हीच बघा. मी सांगितलं असं कळू देऊ नका. हेडबाईंच्या दाढा दीड महिन्याने पुन्हा बघायच्या आहेत आणि शाळेत ते कुणालाही कळणार नाही.

तिसरी ता. क. (अक्षर माझं.) मामा, नमस्कार. यांच्या अक्षरामुळे मागचं पत्र भलत्याच घरी गेलं होतं, म्हणून पाकिटावर पत्ता लिहायला यांनी हे माझ्याकडे दिलं. पाकीट उघडंच होतं, मी तरी काय करू? शाळेचा पिंजरा बांधून झालेला नाही. बांधणारही नाहीत, त्या जागी सायकली ठेवतात. यांच्या तोंडून 'राहू देत' एवढे दोन शब्द निघावेत म्हणून मी रविवार ठरवला होता. तोंडून नाही, पण कागदावर निघाले, ते मला पुरे आहेत. तुम्ही मला पत्र लिहा मात्र, मला बघायचंय तुम्हाला काय सुचतं ते.

आणि तुमचा साचा फुटलेला नाही. कपाटात वरच्या कप्प्यात धडधाकट आहे, मी आत्ता पाहून आले. कवळीसुद्धा परवाच पूर्ण झाली आहे, कालपासून चौथ्यांदा चकाकी देणं चाललंय. टपालाने दोन दिवसांत तुमच्याकडे पोचली असती. पण ती डब्यात घालवत नाहीये यांच्याने. तेव्हा रागावू नका आणि खरोखरच या. मामींनाही आणा. बेल वाजवा, दार उघडलं की आहात तिथेच थांबा, आणि खाली नीट बघून मगच पाऊल टाका.