बोर्डाखालची गल्ली

रविवार, मे महिना, संध्याकाळ

वल्हवून हात भरून आलेत, तरी हे आजच लिहायला हवं.

आजोबांना, आमच्या बापूंना, पॅडलबोर्डवर म्हणजे उभ्यानं वल्हवायच्या रुंद फळीवर पुढं बसवून धरणाच्या पाण्यात नेलं. प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या बोर्डाच्या पट्ट्याखाली घट्ट अडकवल्या. गोळ्या, गूळ आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. लाइफ जॅकेटमध्ये अवघडून बसलेले बापू हसले. "एवढ्या पाण्यात पाणी घेऊन निघालीस व्हय?"

"हे धरणाचं प्यायचं नाय, बापू. आजारी पडाल."

शहरात आमच्या नळाला कधीमधी येतं ते याच धरणाचं. धरण झालं तेव्हा बापूंचं गाव बुडालं. ते तेव्हा लहान होते. यंदाच्या दुष्काळात पाणी इतकं उतरलंय की गावाच्या भिंती वर आल्यात.

त्या दिसल्या आणि बापू पुढं झुकले. एक हात बाटलीवर, दुसरा पाण्यात. मग म्हणाले, "डावीकडं घे." दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मधून आमचा बोर्ड. म्हणजे मी खरंच गल्लीतून वल्हवत होते? इतक्या वर्षांनी त्यांना वळण कसं आठवलं?

बोर्ड एका ओट्याला टेकला.

"हे आपलं दार."

वाटलं, आता रडतील. पण ते जपून उतरले, ओल्या ओट्यावर बसले, बाटली उघडली आणि स्वतः न पिता माझ्यापुढं धरली.

"घे, पाणी पी. पहिल्यांदा घरी आलीस."

त्यांनी ओतलेलं पाणी उन्हानं तापलेलं होतं. मीही ओट्यावर उतरले आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून ओंजळीनं प्याले.