मदतीचा रकाना

५ नोव्हेंबर १९७३, सोमवार

शेठने आज खुर्ची दिली! मला! इतकी वर्षं मागांच्या कारखान्यात कांडी खात्याची, सूत कांड्यांवर गुंडाळणाऱ्या बायकांची, मुकादमीण आहे, ऑफिसात कायम दाराशी उभी राहिले. आज म्हणे, "बैठो गुणाबाई, चाय पिओ." चहात साखर पण भरपूर. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

बाजूच्या खुर्चीत काळूराम, लूम खात्याचा जॉबर, तिकडचा मुकादम. समोर पाठारे, ठाण्याहून नवीन आलेला साहेब. हातात मागच्या सालचे कागद. प्रत्येक कामगाराचा एक कागद भरायला लावला होता — काम कसं, वेळेवर येते का, उलट बोलते का. मी सगळ्या बायकांच्या नावापुढे "चांगलं" लिहून मोकळी झाले होते. काळूरामनेही तेच केलेलं.

पाठारे म्हणाला, "सगळेच चांगले, तर कागदाचा उपयोग काय? तुम्ही रोज कामगारांच्या बरोबर असता. तुम्हीच सांगा, यात काय बदलायचं?"

मी दुसरी शिकलेली बाई. मला विचारतोय! कशाला?

६ नोव्हेंबर

काळूराम गेटवर हळूच म्हणाला, "नवा कागद म्हंजे बायका कमी करनार. लिवून ठेव." याला कोणी सांगितलं? शेठच्या कानाला हाच तर नाही लागला? त्याच्यावर पण भरवसा नाही.

७ नोव्हेंबर

कमी करायची वेळ आली तर माझ्या खात्यातली तानीच जाईल. तिचं मूल अंगावर पितं. सासू त्याला घेऊन शेडच्या मागं बसते. ते रडलं की तानी मशीन सोडून उठते. सूत तुटलेलं, कांड्या अर्ध्या. पण संध्याकाळी तिची टोपली भरलेलीच असते. आमच्या खात्याची रीतच आहे — लेकुरवाळीची टोपली रिकामी जायची नाही. शेजारची जाता-येता आपल्या कांड्या तिच्यात टाकते. बोलायचं नाही. जिने टाकल्या तिने सांगायचं नाही, जिला मिळाल्या तिने विचारायचं नाही. माझी चंद्रा लहान होती तेव्हा माझीही टोपली अशीच भरायची. कोण टाकायचं, मला आजतागायत ठाऊक नाही.

तानीच्या नवऱ्याचं काम सुटलंय. घर तिच्या पगारावर. टोपलीचं ऑफिसात कळलं तर संपलं. मी तोंड उघडणार नाही.

१० नोव्हेंबर, शनिवार

पाठारे खात्यात येऊन उभा राहिला. नुसता बघत. मग तानीला विचारलं, "बाळाचं नाव काय?" तिने लाजून सांगितलं. मला नाही पटलं. साहेब माणसाला बाळाचं नाव कशाला पाहिजे?

१२ नोव्हेंबर

माझ्या जिभेला हाड नाही. जळो ती जीभ.

ऑफिसात पाठारे म्हणाला, "तानीचं काम चांगलं दिसतं. शेजारच्या हौसाचं मात्र कमी पडतं, नाही?"

हौसाचं कमी! हौसासारखा हात आमच्या अख्ख्या कामतघर गावात नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, तानीच्या टोपलीतल्या अर्ध्या कांड्या हौसाच्या असतात! तुम्हाला काय दिसणार!"

बोलून गेले. काळूरामने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, तोही बोलून झाल्यावर.

शेठने पान तोंडात फिरवलं. आता मागं कसं फिरायचं? मग मीच चढ्या आवाजात म्हटलं, "चूक तुमच्या कागदात आहे. उलट बोलते का ते विचारता. दुसरीच्या कामाला हात लावते का, ते कुठं विचारलंय?"

पाठारेने लगेच पेन काढलं. "गुणाबाई, हेच पाहिजे होतं मला."

एवढा खूश का झाला?

१३ नोव्हेंबर

बायकांना काही सांगितलं नाही. तानी डबा उघडून म्हणाली, "बाय, चवलीची भाजी घे." मी नको म्हणून उठले.

१९ नोव्हेंबर, सोमवार

नवे कागद आले. माझा रकाना छापलाय — "सहकाऱ्यांस मदत." खाली दोन ओळी : कोणी केली, कोणास केली. दर आठवड्याला मी भरायचा. जी जास्त मदत करील तिला शेठकडून संक्रांतीला लुगडं.

मी सरळ विचारलं, "तानीला काढणार का?"

शेठ हसला. "अरे बाबा, किसीको नहीं निकालना है. तू भी ना, गुणाबाई!" पाठारे म्हणाला, तानीचं मूल मोठं होईपर्यंत तिला सांभाळून घ्यायचं, हे त्यानेच शेठला सांगितलं.

म्हणजे माझा संशय खोटा. काळूरामचा पण खोटा. बरं वाटायला पाहिजे होतं. मला तर रागच आला — दोन आठवडे उगाच जळत होते!

पण लुगडं कशाला?

२२ नोव्हेंबर

लुगड्याची बातमी खात्यात पसरलीय. आमच्यातलीच ठकी. हिने जन्मात दुसरीला कांडी दिली नाही. आज मी समोरून येताना बघून मूठभर कांड्या तानीच्या टोपलीत धाडकन टाकल्या. "बघतंस ना गो, गुणाबाय? लिव हां."

मग बाकीच्याही. "माझं लिवलंस?" "काल मी दिल्या, तू व्हतीस कुठं?" दुपारपर्यंत तानीची टोपली शीग लागून भरली. तिला स्वतःची कांडी टाकायला जागा राहिली नाही. मान खाली घालून बसली होती. बाळ रडलं तरी उठेना. शेवटी मीच ओरडले, "ऊठ गो, पाज त्याला!"

२४ नोव्हेंबर

हौसाला म्हटलं, तुझं नाव सगळ्यांच्या वर लिहिते, लुगडं तुझंच.

"माजं नाव लिवलंस तर कागूद फाडीन," म्हणाली. "मी काय तुज्या लुगड्यासाठी टाकत व्हते?"

तिला काय झालं? तिच्याच भल्याचं सांगत होते. चिडून मी तिचं नाव लिहिलंच नाही. ठकीचं लिहिलं. आणि "कोणास केली" पुढे सगळीकडे तानी, तानी, तानी. खरं होतं ते लिहिलं.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

तानी आली नाही. तिची सासू तिचा इथं राहिलेला डबा न्यायला आली. मी विचारलं, शेठने काढली का? कोणी काही बोललं का?

"न्हाय गो. कोन कशाला काढील? तिनंच सोरलं. शेलारच्या वीटभट्टीवर गेली." पदराने तोंड पुसलं. "ठकी घरा येऊन तानीला सांगून गेली, तुजं नाव कागदावर सात ठिकानी हाय. तानी म्हनली, आये, आता किती जनींचं फेडू?"

मशीनं चालू होती. हौसाने वर बघितलं नाही.