सपोर्ट बँडला तीन स्टार

३ मार्च, सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. नियमित. कारण माझी मतं नुसत्या ग्रुपवर वाया जातात.

ग्रुपचं नाव 'कानसेन'. लाइव्ह गिग, म्हणजे बँडचे कार्यक्रम, ऐकणाऱ्यांचा ग्रुप. सभासद एकतीस, त्यातले खरोखर कान असलेले दोन. दुसरा दातांचा डॉक्टर आहे.

शनिवारच्या गिगचा रिपोर्ट काल दुपारी बाराच्या आत टाकला. बाराची वेळ मीच घालून दिली आहे. मुख्य बँडवर सात परिच्छेद. त्याच्या आधी वाजवणाऱ्या सपोर्ट बँडवर, प्रथेप्रमाणे, एक ओळ : 'आश्वासक, पण अजून रियाज हवा.' अठरा अंगठे आले. टोपीने लिहिलं, नेमकं पकडलंत. (टोपी म्हणजे जो हॉलमध्येही टोपी काढत नाही तो. त्याच्या मागे उभं राहणाऱ्याने ती संध्याकाळ विसरावी.)

सपोर्ट बँड वाजत होता तेव्हा मी बाहेर कॉफीच्या गाडीपाशी होतो. पण भिंतीतून जेवढं येतं तेवढं अनुभवी कानाला पुरतं. शितावरून भाताची परीक्षा.

५ मार्च, दुपारी
क्लिनिकमध्ये गर्दी. कान तपासायचं काम वरून सोपं दिसतं. माणसाला बंद केबिनमध्ये बसवायचं, हेडफोन लावायचा, बीप ऐकू आली की बटण दाबा म्हणून सांगायचं. आज एका आजोबांनी दर दोन सेकंदांनी बटण दाबलं. मी बीप सोडलीच नव्हती तेव्हाही दाबलं. विचारलं, तर म्हणाले, सून बाहेर बसलीय, तिला वाईट वाटायला नको.

लोक असा खोटेपणा का करतात, देव जाणे. त्यांना तसं तोंडावर बोललो. त्यांना ऐकू आलं नाही.

९ मार्च, संध्याकाळी ७
लेकीचा फोन! स्वतःहून!

ती सहा वर्षं तिच्या आईकडे राहते, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. महिन्यातून एका रविवारी आम्ही दोघं बाहेर जेवतो. ती एका बँडमध्ये बास वाजवते. बास म्हणजे जाड तारांची गिटार. तिच्याशिवाय गाणं उभं राहत नाही, आणि ती वाजतेय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. (हे वाक्य रिपोर्टमध्ये वापरणे.)

बावीस तारखेला त्यांच्या बँडला एका मोठ्या बँडचा सपोर्ट मिळालाय. साडेसहा ते सात, चार गाणी. म्हणाली, बाबा, साडेसहा म्हणजे साडेसहा हां. मी म्हटलं, अगं, या क्षेत्रात केस पांढरे झाले, मला तू वेळ सांगणार? ती म्हणाली, म्हणूनच सांगतेय.

संकल्प : सव्वासहाला हॉलच्या आत. पहिली रांग.
दुरुस्ती : शेवटची रांग. बाप समोर उभा राहिला की पोरांचा हात चुकतो.

१० मार्च
ग्रुपवर जाहीर केलं. टोपीने विचारलं, पोटच्या पोरीबद्दल निःपक्षपाती लिहिणं जमेल का? मी लिहिलं, 'कान नातं ओळखत नाही.' बावीस अंगठे. वाक्य चांगलं झालंय म्हणून इथेही उतरवून ठेवतो.

१६ मार्च, दुपारी ३.३०
लेकीबरोबर जेवण. मध्येच म्हणाली, मला खांद्यावर बसवून पहिल्या गिगला नेलं होतंस, आठवतं? आठवतं म्हणजे काय! त्या हॉलचा साउंड, उजव्या बाजूचा फाटका स्पीकर, ड्रमचा घुमणारा आवाज, सगळं सविस्तर सांगितलं. चाळीस मिनिटं. ती म्हणाली, मी ते नव्हते विचारत. मग फोनवर काहीतरी टिपत बसली.

बहुधा माझे मुद्दे.

२२ मार्च, दुपारी ४
शर्टाला इस्त्री. बूट पुसले. निघतोय. अडीच तास हातात. आज तरी चुकायला काही जागाच नाही.

२३ मार्च, सकाळी ९.३०
नोंद घ्यावी : मी सहा वाजून पाच मिनिटांनी पोचलो होतो.

कॉफीच्या गाडीपाशी कानसेनचे नऊजण भेटले. टोपी म्हणाला, सपोर्ट बँडसाठी एवढ्या लवकर आत कोण जातं? हे मला सहन झालं नाही. प्रश्न तत्त्वाचा होता. आत नवी मुलं जीव तोडून वाजवतात आणि लोक बाहेर कॉफी ढोसत उभे राहतात, हा संगीताचा कसा अपमान आहे, ते मी त्यांना समजावून सांगितलं. दाखल्यांसह. सहा पंचविसाला दातवाल्याने घड्याळ पाहिलं, कानात बोळे घातले आणि आत गेला. बाकीचे ऐकत होते, म्हणून मी बोलत राहिलो.

मग लोक मध्यंतरासाठी बाहेर यायला लागले. सात वाजून दोन मिनिटं झाली होती.

दारात प्रचंड रांग होती.

रोजनिशी माझीच आहे, इथे खोटं कशाला? रांग नव्हती.

मागच्या दाराशी लेक भेटली. चेहरा लालबुंद, केस घामाने चिकटलेले. धावत येऊन मिठी मारली. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, ऐकलंस? मी हो म्हटलं. त्या क्षणी दुसरं काय म्हणणार होतो? उभा कुठे होतास, म्हणाली. मी म्हटलं, मागे. ती म्हणाली, मला माहीत होतं तू मागेच असणार. आणि रडायला लागली. स्टेजचा ताण. पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला होतं असं.

सकाळी ११.५०
रिपोर्ट टाकला. लेकीलाही पाठवला. सपोर्ट बँडला एक नाही, चार ओळी! इतिहासात पहिल्यांदा. 'बास भक्कम. वाजवणारी शांत, पण पकड आहे. आवाज किंचित गढूळ. पुढे नाव काढतील.' तीन स्टार. चार देता आले असते, पण लोक म्हणाले असते, बाप आहे.

१२.४०
लेकीचा मेसेज. 'वाचलं. तीन खूप झाले. थँक्स बाबा.'
समजूतदार आहे पोर.

१.२०
दातवाल्याचा फोन. ग्रुपवर काही लिहिलं नाही त्याने, एवढी माणुसकी. विचारलं, तुम्ही कुठला बास ऐकलात?

मग त्यानेच सांगितलं, पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला तिचा अ‍ॅम्प्लिफायर जळाला. तिने बास खाली ठेवला आणि पुढे अर्धा तास फक्त गायली. ती गाते, हे मला माहीत नव्हतं. शेवटचं गाणं एकटीने, साथीला काहीच नाही. त्याआधी माइकवर म्हणाली, हे गाणं बाबासाठी, तो मागे कुठेतरी उभा असेल, तो कधी पुढे येत नाही. अख्खा हॉल मागे वळला. दातवालाही वळला. मी दिसलो नाही, तेव्हा त्याला वाटलं मी लाजून खांबाआड गेलो असेन.

गाणं कसं होतं, मी विचारलं. म्हणाला, चाल आठवत नाही, एकच ओळ आठवते. खांद्यावरून सगळं दिसायचं, तुझा चेहरा तेवढा दिसायचा नाही.

१.३१
रिपोर्ट काढून टाकला. तोवर एकोणीस अंगठे आले होते.

२४ मार्च
ग्रुपवरच्या तीसही जणांना विचारलं, कुणी रेकॉर्ड केलंय का. कुणीच नाही. सपोर्ट बँडला कुणी फोन वर करत नाही, बॅटरी मुख्य बँडसाठी राखून ठेवतात. ग्रुपचा नियमच आहे तो. नियम माझा.

हॉलच्या साउंडवाल्यालाही फोन केला. म्हणाला, सपोर्टचं आम्ही ठेवत नाही हो.

२५ मार्च, सकाळी
संकल्प : लेकीला खरं सांगणे. रविवारी. समोरासमोर.

२५ मार्च, दुपारी
फेरविचार. खरं सांगितलं तर तिला वाईट वाटेल. तिला वाटतंय मी ऐकलं, तर वाटू दे. दातवाला म्हणतो, तिला त्या रिपोर्टवरूनच सगळं कळलंय. दातवाल्याने दातांपुरतं बघावं.

क्लिनिक बंद करायच्या आधी केबिनमध्ये जाऊन बसलो. काम नव्हतं. तिथे फार शांत असतं. त्या ओळीला चाल लावून पाहिली. तीन लावल्या. एकही तिची नसणार.

३० मार्च
लेकीला आज वेळ नाही. पुढच्या रविवारीही नाही. फोन तिच्या आईने घेतला. म्हणाली, जगाचे कान तपासतोस, पण घरातल्या कुणाचं कधी ऐकून घेतलंस? माझ्याकडे उत्तर होतं. मुद्देसूद होतं. फोन ठेवल्यावर आठवलं.

६ एप्रिल
बारा तारखेला त्यांचा छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. पुन्हा सपोर्ट. हे मला पोस्टर वाचून कळलं. ग्रुपवर काही बोललो नाही.

संकल्प नाही. फक्त जाणे.

१३ एप्रिल, सकाळी ७
काल पाच चाळीसला पोचलो. दारं उघडली नव्हती. रखवालदाराने विचारलं, सामान उतरवायला आलात का? कॉफीच्या गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेत उभा राहिलो. प्रेक्षक सातजण, माझ्यासकट.

किती वर्षांनी सपोर्ट बँड पहिल्या सुरापासून ऐकला, सांगता येत नाही. बहुतेक कधीच ऐकला नव्हता. लेक बास वाजवत होती. मान किंचित डावीकडे, डोळे मिटलेले, ओठांवर मोजणी. लहानपणी पाढे म्हणताना अशीच दिसायची. छान वाजवते. हे मी स्वतः ऐकून लिहितोय. तिने डोळे उघडले, मी दिसलो, आणि तिचा एकही सूर चुकला नाही.

चार गाणी झाली. ते गाणं नव्हतं.

नंतर हॉलमागे गेलो. ती व्हॅनपाशी वायर गुंडाळत होती. खरं सांगायचं म्हणूनच गेलो होतो. वाक्यं पाठ होती. पण तोंडातून निघालं ते असं, की बाबाचं गाणं आज घेतलं नाहीस, मला पुन्हा ऐकायचं होतं. 'पुन्हा' म्हणालो मी.

तिचे हात थांबले. म्हणाली, ते परत म्हणणार नाहीये, एकदाच म्हणायचं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तू तर ऐकलंयस ना बाबा?

आवाजात राग नव्हता. विचारून थांबली होती. व्हॅनमधून कुणीतरी हाक मारली, तरी गेली नाही.

मी म्हणालो, हो. ऐकलंय की.