इंजिनाखाली सापडलेला माणूस

वस्ताद, परवा नातू मित्रांना घेऊन घरी बसला होता. अचाट शक्तीच्या वीरांचा कुठलासा फाशांचा खेळ आणायचा होता, आणि कुठल्या नियमांचा आणावा यावरून त्यांची हमरीतुमरी चालली होती. ऐकता ऐकता मला सोलापुरातली आपली तालीम आठवली, आणि तिथल्या मातीत सांडलेलं आमचं रक्त.

सत्तरच्या दशकातली ती उन्हाळ्याची सुट्टी. दुपारी आखाडा रिकामा असायचा, तेव्हा मी आणि माझा जोडीदार आम्हीच रचलेला खेळ खेळायचो. त्याचा वीर रेल्वेचं इंजिन उचलायचा, माझा भिंतीतून आरपार जायचा. भांडण एकाच गोष्टीवर, झुंजीचा निकाल लावायचा कसा? तो म्हणे, ताकदीचे आकडे आधीच ठरवू. ज्याचा मोठा, तो जिंकला. मी म्हणे, कवड्या टाकू, दुबळ्यालाही डाव मिळू दे. त्या दिवशी त्याने कुर्डुवाडीच्या यार्डातलं इंजिन माझ्या वीरावर फेकलं. मी कवड्या टाकल्या, सगळ्या उताण्या पडल्या. "वाचला!" मी ओरडलो. "वाचतोय कसा? इंजिन हाय ते!" म्हणत त्याने तोंडावर ठोसा लगावला. माझा दात तुटला. मी त्याचा कान चावला तो सोडलाच नाही. तोंडात आलेलं रक्त त्याचं की माझं, कळेना.

तुम्ही दोघांना मानगुटीला धरून वेगळं करता. आता पाठ सोलून निघणार म्हणून मी डोळे मिटतो. तुम्ही मात्र खाली बसून सगळा खेळ समजून घेता.

"इंजिन ज्याच्यावर पडलं, त्याचं काय झालं?"

"मेला की, वस्ताद," जोडीदार म्हणतो.

"मेला म्हंजी कसा? काय काय मोडलं?"

मग तुम्ही सांगितलंत. सांगोल्याकडच्या एका जत्रेत, ऐन उमेदीत, तुम्ही एकाला डोक्यावर उचलून आपटलंत. मान कडाडली. "लोक फेटे उडवत हुते. मी त्याच्या छाताडावर. आन् त्यो मला इचारतोय, पैलवान, माझं पाय कुटं हायत?" तुमचा आवाज जराही हलला नाही. "कवड्या टाका न्हाईतर आकडे मांडा. पन ज्यानं मारलं, त्यानंच सांगायचं, समोरच्याचं काय मोडलं."

आधी आम्हाला त्यात मजाच वाटली. बरगड्या मोडल्या, डोळे फोडले, आतडी बाहेर काढली, हसून लोळलो. चार-पाच दिवसांनी जोडीदाराच्या वीराने एका पहारेकऱ्याला ठोसा मारला आणि तो सांगू लागला, "ओठ फाटला. दात हलला, मग पडला. रक्त गिळतोय. घरी आईला काय सांगू म्हनतोय..." माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघत तो थांबला. मी कवड्या पुढे केल्या. त्याने त्या घेतल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "माझा गडी त्याला उचलून सिव्हिलला न्हेतोय." त्या दिवशीची झुंज अर्धीच राहिली. पुढे कितीतरी दिवस आमचे वीर जखमी माणसांनाच उचलत फिरले. जोडीदाराचा कान वेडावाकडाच राहिला, आणि आमची दोस्तीही टिकली.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. त्याने विचारलं, वस्तादांचं नाव काय होतं? मला सांगता आलं नाही. वस्ताद, मी तुम्हाला ते कधी विचारलंच नव्हतं.