वेळेवर सुटणारा टाका

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा विंडसर्फिंगची शिडं शिवण्याचा, राहणार किनाऱ्यामागच्या गल्लीतलं शेवटचं घर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डावा कान अर्धा गेला आहे, पण डोकं जागेवर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे आणि माझ्या डोक्याचा ज्यांना जास्त अनुभव आहे त्या सूनबाईही हो म्हणतात. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून बघावा. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, मृत्युपत्रात एवढं सगळं लिहीत नाहीत." मी म्हटलं, "मरणार मी आहे ना? मग लिहू द्या."

कलम एक. राहतं घर मुलगा आणि सून या दोघांना सारखं. एकट्याच्या सहीने ते विकता येणार नाही. मागच्या खोलीची खिडकी दमट हवेत फुगते, ती ओढू नये, खालून उचलावी. तीस वर्षं सांगते आहे, आता लेखी देते.

कलम दोन. दागिने सुनेला. बँकेत जे असेल ते नातीच्या शिक्षणाला. मोठी कात्री गल्लीतल्या गादीवाल्याकडे आहे. "उद्या आणून देतो" म्हणून नेली त्याला अकरा वर्षं झाली. ती त्यालाच दिली असं समजावं, म्हणजे माझ्या शेवटच्या दिवशी तरी त्याला तोंड चुकवावं लागणार नाही.

कलम तीन. निळ्या पुठ्ठ्याची जाड वही नातीला. या वहीत आज जगात नसलेल्या वस्तू आहेत. म्हणून वकीलबाईंनी विचारलं की नसलेली वस्तू कशी देता येईल. देता येते. मी बावीस वर्षं रोज सकाळी चहा झाल्यावर त्या वहीत एक पान भरते आहे, आणि माझ्या मालकीचं त्याहून खरं काही नाही.

वहीत एक कापड आहे, जे उन्हाने आतून जीर्ण झालं की रंग बदलेल. आज शीड वरून नवं कोरं दिसतं आणि भर वाऱ्यात टर्रकन फाटतं. एक शीड असं आहे की झोत अचानक वाढला तर त्याच्या वरच्या कडेला फट उघडेल, जास्तीचा वारा सोडून देईल आणि आपणहून मिटेल. एक बोर्ड आहे, शिडाखालची उभं राहायची फळी, ज्याला अंगावरचा माणूस पडल्याचं कळेल. तो वाहून जाणार नाही, पाण्यात कापडी पिशवी सोडून जागच्या जागी थांबेल आणि किनाऱ्याला हाक देईल. हवा भरून ताठ करायची डोलकाठी आहे, घडी करून दप्तरात मावणारी. ती मी नातीची उंची बघून काढली आहे. कोणी तरी एकदा कानात वाऱ्याची बातमी सांगणारं यंत्र सुचवलं होतं. तेही लिहिलं आणि खोडलं. वारा गालाला कळतो. ज्याला कळत नाही त्याने वाळूत बसावं.

पण वहीतली अर्धी पानं एकाच वस्तूची आहेत. विंडसर्फिंग करणारा माणूस कमरेला रुंद पट्टा बांधतो, त्याला पोलादी हुक असतो. शिडाच्या आडव्या दांड्याला दोरीचा फास लोंबत असतो, त्यात तो हुक अडकवायचा, म्हणजे वाऱ्याची ओढ हातांवर न येता कमरेवर येते. पडताना फास हुकातून निसटतो. कधी कधी मात्र बोर्ड उलटतो, फासाला हुकाभोवती पीळ बसतो आणि माणूस शिडाखाली पाण्यात बांधला जातो. मला असा टाका हवा आहे जो सरळ ओढ कितीही असली तरी धरेल आणि पीळ पडला की सुटेल. शेडमधल्या कडीला वाळूच्या पिशव्या टांगून मी त्रेचाळीस नमुने करून पाहिले. शेवटचा दहात सहा वेळा सुटतो. बघणारे वा वा करतात. दहात सहा म्हणजे चार माणसं बुडाली, हे त्यांच्या लक्षात येत नाही. चव्वेचाळिसावा नमुना नातीने करावा.

कलम चार. हे कलम मुलाने बसून वाचावं.

तुझ्या बाबांचा फास मी शिवला होता. विकतचे फास दर मोसमात उसवायचे आणि हे चिडायचे. मी शिडाच्या कडेची पट्टी आत घालून, दुहेरी करून, त्यावर सात शिलाया मारल्या. किनाऱ्यावर माझी ख्याती होती की माझा टाका सुटत नाही, आणि मेलं त्या ख्यातीचं वेड लागलं होतं मला. बाजारातला फास कच्चा असतो तो अडकलाच तर तुटावा म्हणून मुद्दामच कच्चा असतो, हे मला शिवणारीला कळायला हवं होतं. कळलं नाही.

त्या दुपारी वारा फिरला, बोर्ड उलटला आणि हे वर आले नाहीत. क्लबच्या बचावाच्या होडीवर एकच होडीवाले होते, ते होडी घेऊन गेले. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं, मी शेडच्या खिडकीतून पाहिलं. होडी पोचली, ते पाण्यात उतरले आणि मग कितीतरी वेळ नुसतं शीड हलताना दिसत होतं. लोक ओरडत होते, "अरे, करतोय काय हा!" ते चाकूने माझ्या शिलाया कापत होते. सात.

ह्यांना वाळूवर आणलं तेव्हा मी सगळ्यांसमोर होडीवाल्यांची कॉलर धरली आणि म्हटलं, "तू उशिरा पोचलास, तू मारलंस यांना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चौकशीत त्यांनी सांगितलं की इंजिन सुरू व्हायला वेळ लागला. क्लबने त्यांना होडीवरून काढलं. तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या होड्यांना रंग देतात.

आठ दिवसांनी पट्टा घरी आला. हुकात माझ्या फासाचा तुकडा तसाच होता, दोन्ही टोकं चाकूने कापलेली, मधली शिलाई शाबूत. मी त्याच दिवशी समजले आणि त्याच दिवशी गप्प बसले. तू तेव्हा वीस वर्षांचा होतास. तू त्यांना रस्त्यात शिव्या घालायचास आणि मी स्वयंपाकघरात ऐकत उभी राहायचे. तुझ्या पोरीला तू पाण्याला पाय लावू देत नाहीस, तेही त्यांचं नाव घेऊन. दोष त्यांचा नाही. माझा आहे. तो तुकडा लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात आहे, खात्री करून घे.

कलम पाच. शिवणाची शेड, दोन्ही मशीनं आणि लांब टेबल होडीवाल्यांना. ही भरपाई नाही, कशाची भरपाई होणार आहे? त्यांना बसायला पाण्यासमोरची जागा असावी, इतकंच. मुलाने यावर हक्क सांगू नये.

कलम सहा. मला निरोप देताना माझ्या शिवणाचं कौतुक कोणी करू नये.

सही करण्यापूर्वी वाढवलेला मजकूर. इथवर मी गुरुवारी लिहून संपवलं आणि साक्षीदार व्हा म्हणून होडीवाल्यांना बोलावलं. बावीस वर्षांनी ते माझ्या शेडमध्ये आले, उंबऱ्यावरच उभे राहिले. मी कलम चार आणि पाच वाचून दाखवली. वकीलबाईंनी मध्येच सांगितलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, दिलेलं बाद होतं. एक काहीतरी निवडा.

ते म्हणाले, "शेड नातीला द्या. मी साक्ष देतो. पण आज नाही."

"का?"

"वहिनी, हे पोराला तुमच्या पश्चात कळणार ना? मेलेल्या माणसावर धड रागावताही येत नाही हो. त्याला तुमच्यावर रागवायला मिळू द्या. चौकशीत मी खोटं सांगितलं ते तुमच्याकडे बघून. आता खरं सांगेन ते त्याला कळल्यावरच."

मला राग आला. मग लाज वाटली. हा सगळा कागद मी पळून जायला लिहिला होता, हे त्या माणसाने उंबऱ्यावरून ओळखलं.

म्हणून कलम पाच रद्द. शेड, मशीनं, टेबल नातीला.

रविवारी मुलगा जेवायला बसणार तेवढ्यात मी कागद त्याच्या हातात दिला. बसून वाच म्हटलं होतं, त्याने उभ्यानेच वाचला. दोनदा. मग विचारलं, "आई, बाबांना माहीत होतं? की तो सुटणार नाही?"

मी म्हटलं, "हो. दोन्ही हातांनी ओढून पाहिला होता त्यांनी. खूश होते रे."

तो ताट तसंच टाकून बाहेर गेला. सुनेने माझं ताट वाढलं.

आज सकाळी शेडसमोर स्कूटर थांबली. मागे होडीवाले बसले होते, बोटांना रंग तसाच. मुलाने स्कूटर लावली, त्यांचा हात धरून त्यांना तीन पायऱ्या चढवलं, खुर्ची पुसून दिली आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहिला. माझ्याशी तो अजून एक शब्द बोललेला नाही. बोलायचं की नाही हे त्याने ठरवावं, त्याला कोणी समजवायला जाऊ नये, ही माझी शेवटची इच्छा मी पूर्ण शुद्धीत, तो ऐकेल एवढ्या मोठ्याने वाचून, खाली सही करते.

ठिकाण: शिवणाची शेड, किनारा
दिनांक: चौदा मार्च, सोमवार, सकाळी साडेदहा

सही: शिडं शिवणारी

आमच्यासमोर सही केली. वरील मजकुरातून आम्हांस काही मिळत नाही.

साक्षीदार पहिली: डॉक्टर, गल्लीच्या तोंडाशी दवाखाना

साक्षीदार दुसरा: होडीवाला, धंदा होड्यांना रंग देणे. कलम चारमधली हकिकत खरी आहे. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं होतं.